‘पुरवायचं’ म्हणजे ‘पुरतं’ नव्हे: समाजशास्त्राच्या एका पदवीचा हिशेब

गेल्या जूनमध्ये खटाव तालुक्यातले एक गृहस्थ साताऱ्यात माझ्या घरी आले. हातात शंभर पानी वही. त्यांची थोरली मुलगी माझी विद्यार्थिनी, समाजशास्त्रात एम.ए. झालेली. धाकटी नुकतीच बारावी पास झाली होती आणि तिलाही समाजशास्त्रच घ्यायचं होतं. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, थोरलीच्या डिग्रीचं पैसं निघालं का न्हाय, एवढं सांगा. मग धाकटीचं ठरवतो."

तेवीस वर्षं मी हा विषय शिकवते आहे. समाजशास्त्र का शिकावं यावर माझी कितीतरी भाषणं झाली आहेत, पण पैसे निघाले का, असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडून वही आणि दोन आठवडे मागून घेतले. या दोन आठवड्यांत जे हाती लागलं ते घरच्यांना विचारून इथे मांडते आहे. नावं आणि गाव दिलेलं नाही.

घर असं. वडील सव्वीस वर्षं वाशीच्या बाजारात माथाडी. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून 2018 साली गावी परतले. तीन एकर रान, पाऊस झाला तर ज्वारी आणि बटाटा. खटाव, माण, पाटण, जावळीकडच्या घरांना मुंबईचा पैसा नवा नाही. आधी गिरण्या होत्या, मग माथाडी बाजार आला. आमच्या जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याच्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं आणि 1969 साली माथाडी कायदा झाला, हे या घरात सगळ्यांना पाठ आहे. गोणीमागे किती मिळतात, लेव्ही (मालकानं मजुरीशिवाय भरायची रक्कम) किती, माथाडी बोर्डात किती जमा, हे सगळं कागदावर लिहायची वडलांना सवय. म्हणूनच मुलीच्या शिक्षणाची नऊ वर्षांची वही मला मिळाली. पालक असा हिशेब सहसा ठेवत नाहीत.

खर्च आधी पाहू. 2016 ते 2019 साताऱ्यात बी.ए., वसतिगृहात राहून. शुल्क फार नव्हतं, पैसा जायचा तो खानावळीवर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली ती साताऱ्यात आणली. त्यांची ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना अजूनही आमच्याकडच्या गरीब मुलामुलींच्या हिशेबात जमेच्या बाजूला दिसते. थोरलीनंही तीन वर्षं ग्रंथालयात काम केलं. ती जमा वजा जाता बी.ए.ला घरचे 90,000 रुपये गेले. मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.ए. त्यातलं दुसरं वर्ष लॉकडाऊनमुळे घरूनच झालं, म्हणून दोन वर्षांचे 60,000. एकूण दीड लाख.

वडलांनी वहीत एवढंच धरलं होतं. मी त्यात एक रक्कम वाढवली आणि ती त्यांना आवडली नाही. थोरलीच्याच वयाचा चुलतभाऊ बारावीनंतर एमआयडीसीत कामाला लागला. महिना 10,000 धरले आणि लॉकडाऊनचे दोन महिने सोडले, तर पाच वर्षांत त्याच्या हातात 5,80,000 आले. तेवढी कमाई थोरलीनं सोडली. म्हणजे पदवीची खरी किंमत 7,30,000 रुपये. "पोरगीला आम्ही एमआयडीसीत कुठं पाठवणार हुतो?" असं ते म्हणाले. पाठवलं नसतं हे खरं. पण मुलीची न झालेली कमाई हिशेबात शून्य धरायची, तर ‘मुलींना बी.ए. स्वस्त पडतं’ हे ठरीव वाक्य खरं करून दाखवल्यासारखंच होतं. मी ती रक्कम तशीच ठेवली.

आता जमा. एम.ए. झाल्यावर ऑगस्ट 2021 पासून थोरलीनं पुण्यातल्या संशोधन करणाऱ्या एजन्सींचं काम धरलं. गावोगावी रेकॉर्ड झालेल्या मुलाखती ऐकायच्या, मराठीत उतरवून काढायच्या आणि इंग्रजी करून द्यायच्या. एका तासाच्या रेकॉर्डिंगला 800 रुपये. तेवढ्या कामाला सहा तास जायचे. महिन्याला सोळा-सतरा तासांचं रेकॉर्डिंग मिळायचं, सरासरी 13,000 सुटायचे. अशा वीस महिन्यांत 2,60,000 जमले.

सप्टेंबर 2022 मध्ये ओपनएआयनं व्हिस्पर नावाचं आवाज ऐकून मजकूर उतरवणारं मॉडेल सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. त्यात मराठीही होती. 30 नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं. खटावमधल्या त्या घरात याची झळ पोचायला चार-पाच महिने लागले. एप्रिल 2023 पासून पूर्ण उताऱ्याचं काम बंद झालं. यंत्रानं उतरवलेलं आणि भाषांतर केलेलं फक्त तपासायचं, तासाला 250 रुपये. महिन्याला बावीस तास मिळाले तर 5,500. त्या वर्षाचे 66,000.

त्याच वर्षी तिची सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, झाली. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 57,700 पासून सुरू होतं, हा आकडा एम.ए. करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असतो. जागा निघत नाहीत. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर एक सत्र शिकवून पाहिलं. पैसे इतक्या उशिरा आले की येण्याजाण्याचं एसटीचं भाडंसुद्धा वडलांनी दिलं, म्हणून मी ते या हिशेबात धरलेलंच नाही. स्पर्धा परीक्षांचं लोक नेहमी सांगतात. यूपीएससी मुख्य परीक्षेत 1750 पैकी 500 गुण वैकल्पिक विषयाचे, समाजशास्त्र हा त्यातला आवडता विषय. पण तो घेणाऱ्या कितीतरी जणांची पदवी अभियांत्रिकीची असते. त्यासाठी समाजशास्त्राची पदवी लागत नाही. तेव्हा ती बाजू पदवीच्या जमेत धरता येत नाही.

मार्च 2024 ला थोरली मला भेटली तेव्हा महिन्याला 5,500 वर आली होती. पोस्टात कमिशनवर काही मिळतंय का पाहते, म्हणाली. त्यानंतरच्या महिन्यात जे झालं ते नीट सांगायला हवं, कारण वहीतला आकडा तिथून फिरला.

माण तालुक्यात एका कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे नफ्यातून समाजासाठी खर्चायच्या पैशातून पाण्याच्या टाक्या झाल्या होत्या. जानेवारी 2021 च्या नियमांप्रमाणे ज्या कंपनीचं सीएसआरचं बंधन सरासरी 10 कोटी किंवा त्याहून जास्त असतं, तिला 1 कोटी वा त्यावरच्या प्रकल्पांचा परिणाम त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ते काम एका एजन्सीकडे होतं. 64 बायकांच्या मुलाखती मोबाइलवर रेकॉर्ड झालेल्या. यंत्रानं त्या उतरवल्या, इंग्रजी केल्या, सारांशही काढला: बहुतांश महिला पाणीपुरवठ्याबद्दल समाधानी. थोरलीकडे आलं ते फक्त शुद्धलेखन आणि नावं तपासायचं काम.

तिनं हेडफोन लावून मूळ आवाज ऐकला. खरं तर तेवढे पैसे तिला मिळत नव्हते.

प्रश्न: "टाकी झाल्यापासून पाणी पुरतं का?"

मग तीनेक सेकंद काही नाही. मागे कुणीतरी म्हातारं माणूस खाकरतं. भांडं खाली ठेवल्याचा आवाज.

उत्तर: "पुरवायचं."

यंत्रानं लिहिलं होतं, पाणी पुरतं. सारांशात ती बाई ‘समाधानी’च्या रकान्यात गेली होती. ‘पुरवायचं’ म्हणजे नसलेलं ओढून-ताणून भागवायचं, हे आपल्याकडे सहावीतल्या मुलीलाही समजतं. थोरली पुढे ऐकत गेली. "चाललंय की." "भागतंय." "काय करायचं मग." असली उत्तरं तिला 27 मुलाखतींत सापडली, आणि सत्तावीसच्या सत्तावीस बायका समाधानी ठरल्या होत्या.

भाषेची चूक दुरुस्त करून ती फाइल परत पाठवू शकली असती. तिला अडकवलं ते त्या खाकरण्यानं. एम.ए.च्या संशोधन पद्धतीच्या पेपरात आम्ही शिकवतो की उत्तर देणाऱ्याच्या शेजारी कोण बसलं होतं हे लिहून ठेवा, नाहीतर ते उत्तर कुणाचं हे कळत नाही. मुलं हे वाक्य पाठ करतात आणि पाच गुण घेतात. थोरलीनं एजन्सीला फोन केला की मला त्यातल्या अकरा घरांत परत जाऊ द्या. त्यांनी दोन दिवसांचे पैसे मंजूर केले.

ती घरात गेली नाही. सकाळी बायका शेणाच्या पाट्या घेऊन उकिरड्याकडे निघतात त्या वेळी ती वाटेवर थांबली आणि एकीची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. 2023 चा पाऊस कमी झालेला, एप्रिलचं ऊन, माणात टँकर फिरत होते. अकरापैकी आठ जणींनी सांगितलं की महाशिवरात्रीनंतर टाकीला तिसऱ्या दिवशी पाणी येतं आणि वरच्या आळीला ते पोचतच नाही. मग हे मुलाखतीत का सांगितलं नाही? एका सुनेनं सांगितलेलं कारण थोरलीच्या टिपणवहीत आहे. टाकीला जागा त्यांच्याच भावकीनं दिली आहे. सासऱ्यांचं नाव फरशीवर कोरलं आहे. सासू उंबऱ्यात बसलेली असताना टाकीला नावं कशी ठेवायची?

ही गोष्ट कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हती. अहवाल बदलला, वरच्या आळीसाठी वेगळी पाइपलाइन टाकायची शिफारस त्यात गेली. एजन्सीनं थोरलीला क्षेत्र पर्यवेक्षक म्हणून करारावर घेतलं, महिना 24,000, काम असेल तेवढे महिने. 2024-25 मध्ये नऊ महिने काम मिळालं. 2,16,000 रुपये.

इथे मला स्वतःलाच एक शंका काढावी लागली. ‘पुरवायचं’ आज चुकतंय, उद्या यंत्र शिकेल. मी थोरलीला तेच वाक्य मागच्या-पुढच्या संवादासकट नव्या मॉडेलला देऊन बघायला सांगितलं. त्यानं अर्थ बरोबर सांगितला, वर ‘हे उत्तर नाइलाजाचं वाटतं’ असंही लिहिलं. म्हणजे केवळ बोली समजते म्हणून आपला भाव राहील, या भरवशावर कुणी बी.ए.ला येऊ नये. पण पाटी डोक्यावर घेऊन वाटेनं चालल्याशिवाय त्या सुनेनं फरशीवरच्या नावाची गोष्ट कुणालाही सांगितली नसती. आणि कंपनीला अहवालावर सही हवी असते ती प्रत्यक्ष जाऊन आलेल्या माणसाची. थोरली आता पहिला उतारा यंत्राकडूनच काढते. पूर्वी चौसष्ट मुलाखतींचा फडशा पाडायला तिला महिने लागले असते, आता दोन आठवड्यांत होतो आणि उरलेले दिवस ती गावात घालवते. ज्या यंत्रानं तिचं 800 चं काम 250 वर आणलं, त्याच्यामुळेच तिच्या गावातल्या दिवसाचा दर वाढला. दोन्ही एकाच वहीत, एकाच वर्षाच्या अंतरानं लिहिलेलं आहे.

आता बेरीज. ऑगस्ट 2021 ते मार्च 2025 थोरलीचे 2,60,000 अधिक 66,000 अधिक 2,16,000, म्हणजे 5,42,000. चुलतभावाचे याच काळात पहिले बत्तीस महिने 15,000 नी आणि शेवटचे बारा 17,000 नी, म्हणजे 6,84,000. शिवाय त्याचा पीएफ. पदवीवर गेलेले 7,30,000 सुटणं लांबच, नोकरीच्या वर्षांतसुद्धा ती त्याच्या 1,42,000 नी मागे आहे. फक्त शेवटच्या वर्षी ती 12,000 नी पुढे गेली, तेही वर्षातले तीन महिने घरी बसून.

हे मी वडलांना जसंच्या तसं सांगितलं. पैसे निघालेले नाहीत. निघायला लागले आहेत असं म्हणायला एका वर्षाचा पुरावा आहे.

आणि आणखी एक सांगितलं, जे सांगणं मला जड गेलं. थोरली तरली ती क्षेत्रकार्यामुळे. तिच्या वर्गात तीस मुलं होती आणि त्यातल्या बहुतेकांनी प्रकल्प बाजारातल्या गाइड-पुस्तकांतून आणि मागच्या वर्षीच्या प्रकल्पांतून उतरवून दिले. मी ते पास केले. तपासायला शंभरावर प्रकल्प असायचे हे कारण मी स्वतःला देत आले, पण त्या मुलांच्या हातात जो कागद आहे त्याला आज बाजारात काही मोल नाही आणि त्यात माझाही वाटा आहे. आता तोच प्रकल्प चॅटजीपीटी दहा मिनिटांत लिहून देतं. गेल्या दोन वर्षांपासून मी टाइप केलेला प्रकल्प घेतच नाही. हातानं लिहिलेली टिपणवही, ज्या घरी गेलात तिथली पंधरा मिनिटांची मुलाखत, आणि त्यावर माझ्यासमोर बसून तोंडी. मुलं कमी झाली. आली आहेत ती गावात जातात.

सरकारी मोजण्यांवरही मुलांची फार आशा असते. जानेवारी 2024 मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचं घरोघरचं सर्वेक्षण झालं, 2027 ची जनगणना जातीच्या मोजणीसह यायची आहे. समाजशास्त्रवाल्यांना यात रोजगार आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ते काम शिक्षक आणि सरकारी कर्मचारी करतात. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यात सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची तरतूद आहे, तिथे मात्र आमच्या मुलांना शिरायला जागा आहे. कोयना धरणाला साठ वर्षं होऊन गेली तरी त्यातल्या विस्थापितांचे प्रश्न ज्या जिल्ह्यात अजून मिटलेले नाहीत, तिथल्या मुलांना हे काम काय असतं ते वेगळं शिकवावं लागत नाही.

वडील सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "आमचं ठीक हाय, पाठीवर गोणी होती. पर आमाला बोर्ड हुतं. मजुरी बोर्डात, पीएफ बोर्डात, अपघात झाला तर बोर्ड. हिच्या कामाला कुठलं बोर्ड?"

कुठलंच नाही. काम संपलं की करार संपतो, बिल तीन-तीन महिने अडकतं. मी माहिती काढली. स्वतंत्र काम करणारी व्यक्ती केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते, सेवा देणारीसुद्धा. नोंदणी फुकट आहे. मग 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे ग्राहकाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. थोरलीनं जुलैत नोंदणी केली. आता ती कामाचा आदेश लेखी घेते: रोजचा दर, प्रवासखर्च, बिलाची मुदत. तीनपैकी दोन एजन्सींनी मान्य केलं, एकीनं फोन उचलणं बंद केलं. माथाडी बोर्डाची सर याला नाही, वडलांनीही तसं सांगितलं.

धाकटीपुढे दुसरा पर्याय बीसीएचा होता. पुण्याच्या मामांचा आग्रह. 2024 पासून त्यालाही सीईटी आली आहे, तिनं ती दिली होती. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, सामाजिक मागास आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळते, त्यामुळे शुल्काची भीती नव्हती, पण पुण्यात राहण्या-जेवण्याचे महिन्याला आठ-नऊ हजार होते. मामांचं म्हणणं, कॉम्प्युटरला मरण नाही. मी त्यांना न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनं 2025 साली दिलेले अमेरिकेतल्या नव्या पदवीधरांचे आकडे दाखवले: बेरोजगारी संगणक अभियांत्रिकीत 7.5 टक्के, समाजशास्त्रात 6.7, संगणकशास्त्रात 6.1. तेही दाखवलं की तिथे समाजशास्त्रवाल्यांची सुरुवातीची कमाई संगणक अभियंत्यांच्या निम्म्याच्या आसपास असते. आकडे तिकडचे आहेत, खटावला लावायचे नाहीत. मामांनी मात्र ‘मरण नाही’ हा शब्द मागे घेतला.

शेवटी धाकटीनं साताऱ्यात बी.ए.लाच प्रवेश घेतला. समाजशास्त्र मेजर, भूगोल मायनर. नव्या शैक्षणिक धोरणानं ही सोय झाली आहे आणि नकाशे, जीआयएस (संगणकावर नकाशे करायचं तंत्र) येणाऱ्या मुलीला क्षेत्रकामात लगेच घेतात, हे थोरलीनं स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं होतं. वडलांची अट एकच होती: पहिल्या वर्षापासून सुट्टीत थोरलीबरोबर गावात जायचं आणि रोज घ्यायचा, फुकट नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती सहा दिवस गेली, 500 रुपये रोजानं. वडलांनी वहीत तिच्या नावाचं नवं पान उघडलं आहे. नावे बाजूला प्रवेश, खोली, खानावळ. जमेला 3,000, त्यातले 1,500 अजून यायचे आहेत. थोरलीनं त्या एजन्सीला उद्यम क्रमांक टाकून स्मरणपत्र पाठवलं आहे. पंचेचाळीस दिवस पुढच्या सोमवारी भरतात.